आमच्या गल्लीपासून सुरुवात

३ जानेवारी, सकाळ
ठकी परत खोकली. छातीत घरघर. मांडीवर आडवी घेऊन तिच्या पोटाकडे बघत बसले, वरखाली होतंय का ते. दोन वर्षांचं पोर आणि खोकतं म्हातारीसारखं. सगळं त्या चिमणीमुळे. नाल्यापलीकडचा कारखाना दिवसभर काळं ओकत असतो. आजपासून ठरवलं, चिमणीचा निकाल लावायचा. रडायचं नाही.

दुपार
रडले थोडं. पण खोकला थांबल्यावर. ते धरायचं नाही.

५ जानेवारी
दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बघितलं. हवा वाईट आहे, जपा म्हणाल्या. घरात शेगडी पेटवता का, असं विचारलं. नाही म्हटलं. खरंच नाही, गॅस आहे आमच्याकडे. इस्त्री कोळशाची आहे, पण इस्त्री म्हणजे काही शेगडी नव्हे. शिवाय कोळसा मी उंबऱ्यात पेटवते. धूर बाहेर जातो. थोडा आत येतो तो वाऱ्यामुळे. वाऱ्याला मी काय करणार.
ह्यांचा टेम्पोही धूर सोडतो, पण ते कामावर जातात तेव्हा धूर त्यांच्याबरोबर जातो.

८ जानेवारी
नगरसेविका ताई इस्त्रीला कपडे टाकायला आल्या. मोठी बातमी सांगितली. वरचं सरकार सगळ्या देशासाठी हवेचा कडक कायदा आणतंय. कारखानेवाले तो पातळ करायला बसलेत. म्हणून ठिकठिकाणच्या नगरपालिका ठराव करून कायद्याला पाठिंबा देतायत. आपली पण देणार. सोमवारी सभा.
मी विचारलं, ठराव झाला की चिमणी कधी बंद? ताई म्हणाल्या, तसं नसतं गं, आपण फक्त वर कळवायचं, आम्ही तुमच्या बाजूने आहोत, मागे हटू नका. म्हणजे आठवडा लागेल असं मी धरते.
सभेत बोलायचं ठरवलं. हे म्हणाले, तू तिथे जाऊन काय करणार, नगराध्यक्षांच्या कॉलरला कडक इस्त्री? चांगलं उत्तर दिलं असतं. सुचलं ते भांडी घासताना.

११ जानेवारी
भाषण पाठ करतेय. चौथीपर्यंतच शिकले, पण तोंड चालतं. लॉजच्या चादरी आल्यात, त्यांच्यावर इस्त्री फिरवत बोलते. बाहेर थंडी, म्हणून दार लावून घेतलं. ठकी झोळीत, हाताशी असलेली बरी. तरी तिचे डोळे चुरचुरायला लागले. बघा त्या चिमणीची कमाल, दार बंद करूनसुद्धा धूर घरात.
सासूबाई म्हणाल्या, अगं दार उघड, जीव कोंडतोय. उघडलं असतं तर अजून आला असता. म्हाताऱ्या माणसाला कोण समजावणार.
खोकला आज जास्त. ओठ जरा निळे वाटले मला. हे म्हणाले, बल्बचा उजेड. तरी मी परत परत बघत राहिले. भाषणाचा मधला भाग विसरले.

१२ जानेवारी
सभा झाली. पंखे बंद, खुर्च्या कमी. कारखान्याचा माणूस म्हणाला, कायदा कडक झाला तर लोकांच्या पोटावर पाय येईल. मला बोलायला उठवलं. भाषण गेलं कुठच्या कुठे. एवढंच बोलले की माझ्या लेकराला श्वास घेता येत नाही, नुसता कागदावर पाठिंबा देऊ नका, आमच्या गल्लीपासून सुरुवात करा.
टाळ्या पडल्या. नगराध्यक्ष म्हणाले, लिहून घ्या हे. सगळ्यांचे हात वर, ठराव पास.
घरी येताना चिमणीकडे बघितलं. म्हटलं, ओक आता, हवं तेवढं.

१६ जानेवारी
ओकतेय. ताईंकडे गेले. म्हणाल्या, ठराव अजून टाईप व्हायचाय, कारकून रजेवर. आणि कारखाना नगरपालिकेच्या हातात नाहीच. तो वरच्या प्रदूषण मंडळाकडे. म्हणूनच तर कायदा पाहिजे ना, म्हणाल्या. हे मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं होतं म्हणे. असेल. मी तेव्हा हिशोब करत होते, आठवड्याचा.

१९ जानेवारी
नगरपालिकेची गाडी आली. ठकीला कडेवर घेऊन पळतच गेले, चिमणीचा रस्ता दाखवायला. मुकादम म्हणाला, चिमणी नाही बाई, कोळसा. नगरपालिकेने ठरवलंय, आपल्या हातात आहे तेवढं आधी करायचं. दारातला कोळसा, पालापाचोळा जाळणं, सगळं बंद. पहिली हीच गल्ली का, विचारलं. म्हणाला, सभेत कुणा बाईने मागणी केली होती.
ती बाई मीच, असं सांगितलं. वाटलं, सोडेल. तो म्हणाला, मग तुम्हाला समजावायला नको.
इस्त्री गाडीत गेली. हे हसले. मग लॉजच्या चादरी आठवल्या, तसे हसायचे थांबले.

२४ जानेवारी
विजेची इस्त्री मागून आणली. लावली आणि अख्ख्या चाळीचा फ्यूज उडाला. शेजारणी अजून बोलत नाहीत.
ठकी मात्र खोकली नाही. इस्त्री गेल्यापासून पाच दिवस. काल दारात जाऊन कोंबडीमागे धावली. ठरावाचा गुण आला. अजून वर गेला नाही, पण कारखानेवाल्यांना कुणकुण लागली असणार, हलका धूर सोडत असतील. सासूबाई काहीतरी म्हणायला लागल्या होत्या. मी नळ सोडला.

३० जानेवारी, सकाळ
ताईंनी रदबदली करून इस्त्री सोडवली. दारात पेटवू नको, गाजावाजा नको, म्हणाल्या. म्हणजे घरातच पेटवायची. लॉजवाला संध्याकाळी चादरी मागतोय. नाही दिल्या तर दुसरीला देणार. पटकन उरकते.

दुपार
चौथ्या चादरीला ठकीला ढास लागली. थांबेना. तिला उचलून दारात आले आणि त्या चिमणीला शिव्या घालायला तोंड उघडलं.
चिमणी बंद. कारखान्याचा वॉचमन म्हणाला, कालपासून बॉयलर दुरुस्तीला काढलाय.
निखाऱ्यांवर बादली ओतली. लॉजला चादरी चुरगळलेल्याच पाठवल्या. ठकी बाहेर पायरीवर झोपलीय, श्वास बरा चाललाय. मी शेजारी बसलेय. कारखाना सोमवारी सुरू होणार, असं वॉचमन म्हणाला. तोपर्यंत कोणावर चिडायचं ते कळत नाही.