भेगेवरची उडी

शनिवार, अकोला

उद्या फुटबॉलचा अंतिम सामना. व्यवस्थापक म्हणून संघाच्या यादीवर सही माझी, आणि प्रियाच्या नावापाशी पेन अडतंय.

महिन्यापूर्वीच ती आमच्या अमरावतीच्या कॉलेजात आली. आज अकोल्याच्या या मैदानावर आमचा पहिलाच सराव; डाव्या गोलजवळ जमिनीला पडलेल्या भेगेत सगळ्या अडखळल्या. प्रियाने खाली न पाहताच ती ओलांडली. खाली न पाहता!

मी विचारलं, "या हंगामात इथल्या कॉलेजकडून खेळली काय तू?"

"नाही ताई. मी तं हे मैदान आजच पायलं. तुमाले भलताच संशय येते."

आमचे प्रशिक्षक सर हसले. "जिंकून राहिलो ना आपण? मंग काहून खोदून राहिली?"

एका हंगामात एकच कॉलेज, हा नियम. घरात पहिली पदवी माझी. मी वाचून दाखवल्याशिवाय आई कशावर अंगठा उठवत नाही. मीच खोट्यावर सही करू? पण एका उडीवरून मुलीचा हंगाम बुडवायचा? भेग दिसलीही असेल तिला.

निघताना मला ठसका लागला. प्रिया कोणालाही न विचारता मैदानाच्या भिंतीमागे धावली आणि तिथल्या नळावरून बाटली भरून घेऊन आली. तो नळ आम्हाला कोणालाच माहीत नव्हता.

पाणी मी प्यायले. यादी सही न करता सरांना परत दिली.