पितांबराच्या पिवळ्यात थोडा गेरू

आई, ताऱ्यांना रंग असतात. तू म्हणायचीस तसेच असतात, आणि तू म्हणायचीस तेवढेच मोठे. परवा संध्याकाळी मी ते पाहिले आणि शेताच्या बांधावर उभी राहून लहान पोरीसारखी ओरडले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलताना आवाज कसा लावायचा तेही विसरायला झालंय, पण ही गोष्ट तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला नीट सांगणं बरोबर नाही. म्हणून लिहायला बसलेय. सुरुवातीपासून सांगते, नाहीतर नेहमीप्रमाणे माझा शेवट आधी आणि सुरुवात मागाहून व्हायची. तशी ती झालीच आहे म्हणा.

तुझ्या लेकीनं पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा घेतला. रोह्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, शिफ्टमागून शिफ्ट बाटल्यांतले नमुने तपासत अख्खी नोकरी चालली आहे. मुलं आपापल्या वाटेला लागली. मग वाटलं, आता आपल्याला हवं ते करावं. घरातून ‘हे काय नवीन खूळ’ असा सूर लागलाच. खूळ म्हटलं की माझा हट्ट वाढतो, आणि हा हट्ट कुणाकडून आलाय ते तुला सांगायला नको. मला कृत्तिकांचा फोटो काढायचा होता, पुंजक्यातला एकेक तारा सुटा दिसेल असा. फुलांचे, पोराबाळांचे फोटो कॅमेरा आपला आपण स्पष्ट करतो गं, पण आकाशाकडे धरला की बिचाऱ्याला काही सुचत नाही. भिंग घरघर पुढे-मागे फिरवतो आणि गप्प बसतो. तेव्हा ते काम हातानं करावं लागतं. लेन्सवर एक रिंग असते आणि तिच्यावर अनंताची खूण, आडव्या झोपलेल्या इंग्रजी आठासारखी. मी म्हटलं, ताऱ्यांहून लांब काय असणार? रिंग फिरवली ती पार टोकापर्यंत. घरी येऊन बघते तर प्रत्येक तारा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला. रिंग अनंताच्याही पुढे फिरते, आई! थंडी-उन्हात भिंगं जरा आकसतात, जरा फुगतात, म्हणून बनवणाऱ्यानं तेवढी जागा सोडलेली असते, हे मला फार मागाहून कळलं.

खरी रीत अशी, की एक ठळक तारा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर घ्यायचा, तो दहापट मोठा करून बघायचा आणि रिंग केसभर केसभर सरकवायची. गोळा लहान होत जातो, बारीक ठिपका होतो, आणि आपण ‘झालं’ म्हणेपर्यंत परत फुगायला लागतो. तेव्हाच कळतं की मघाशी होतं तेच बरोबर होतं. मग तेवढंच मागे यायचं. पुढे गेल्याशिवाय नेमकी जागा सापडतच नाही. मी कितीतरी संध्याकाळी हेच करत राहिले, आणि दरवेळी बोटाचा धक्का लागून हातचा फोकस जायचा. असं काही करताना मी श्वास रोखून धरते, हे आमच्या घरातल्यांनी मला दाखवून दिलं. मी हसले, कारण श्वास असा धरणारं माणूस मी एकच पाहिलं होतं.

श्रावणाचे दिवस. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट पेणला तुझ्या गणपतीच्या कारखान्यात येते. तू आखणीला बसलेली असतेस, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायला. मूर्ती मांडीशी ओढलेली, तोंड तिच्या तोंडाशी नेलेलं, कुंचल्याला चार केस असतील नसतील. पापणीची रेघ एका ओढीत काढतेस आणि मग सुस्कारा सोडतेस. तुझ्याबरोबरच्या आखणीवाल्यांना एकेक करून चाळिशी लागली, वाचायचा चष्मा नाकावर आला आणि ते मुकुट नि दागिन्यांच्या कामाला गेले. तुझी रेघ मात्र तशीच बारीक. कारखान्याचे शेठ आल्या-गेल्याला सांगायचे, “या बाईचे डोळे देवानं निराळेच बनवलेत.” आणि तेच डोळे कारखान्याच्या दाराबाहेर पडले की कुचकामी व्हायचे. माणसं तू चालीवरून ओळखायचीस. एसटी स्टँडवर गाडी लागली की शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचीस, “कुठली गो गाडी?” पाटी समोर असायची, ठळक अक्षरांत, आणि तुला चांगलं वाचता यायचं. लोक आपल्याकडे बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण तुझे तारे! भात झोडून झालं की आपण जेवणाआधी अंगणात बसायचो, तेव्हा तू मृग नक्षत्राच्या खांद्याकडे बोट करायचीस. “तो बघ गो, पितांबराच्या पिवळ्यात थोडा गेरू टाकलाय.” व्याधाकडे बघून म्हणायचीस, “पांढऱ्यात नीळ हाय, आन मधीच हिरवा मारतो.” केवढे दिसतात विचारलं की म्हणायचीस, “टिकलीएवढे. चांगले वाटोळे.” तुझा धाकटा लेक तर तुला चिडवायलाच टपलेला असायचा. आईचे रंगीत तारे, म्हणून त्यानं वाडीभर केलं होतं. तुला त्याचं काही वाटायचं नाही, तूही हसायचीस. मग माझ्याकडे वळून हळूच विचारायचीस, “तुला तरी दिसतंय ना?” मला दिसायचे पांढरे ठिपके. मी खरं बोलणारी मुलगी होते, मी ‘नाही’ म्हणायचे. पुढच्या वेळी तू पुन्हा विचारायचीस. तुला बाकी कुणाची साक्ष नको होती, माझी एकटीची हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग माझा पहिला पगार झाला आणि मी तुला पेणच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. लांबचं दिसत नाही, उणे दोन नंबर, साधी गोष्ट. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. दुकानाच्या पायरीवरून तू समोरच्या झाडाकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “अगो, पानं सुटी हायत!” स्टँडवर पोचलो तर तू मोठ्यांदा ओरडलीस, “अलिबाग! ती नागोठणे! ती आपली!” सगळा स्टँड वळून बघतोय आणि मला पहिल्यांदा लाज वाटत नाहीये, मीच तुझ्या पाठीवर थाप मारतेय. इतकी खूश मी तुला कधी केली नव्हती. संध्याकाळी अंगणात आलीस, चष्मा पदरानं पुसलास, वर बघितलंस आणि म्हणालीस, “हे काय? टाचणीची टोकं नुसती. रंग कुठं गेले गो?” मी तेव्हा नवी नवी शास्त्र शिकलेली. म्हणाले, “आई, रंग नव्हतेच. तो डोळ्यांतला दोष होता, तो आता गेला.” तू चष्मा काढलास, बघितलंस, लावलास, बघितलंस. मग माझ्यावर कधी चढवला नव्हतास असा आवाज चढवलास. “चष्मा दिलास, लय चांगला दिलास. पन माझ्या डोळ्यांना खोटं नको पाडू.” त्यानंतर स्टँडवर तू तो लावायचीस आणि पाटी वाचून झाली की रुमालात गुंडाळून ठेवायचीस. आकाशाकडे बघताना तो तुझ्या डोळ्यांवर मी पुन्हा पाहिला नाही. आणि ‘तुला तरी दिसतंय ना’ हे तू परत कधी विचारलं नाहीस. त्या प्रश्नाची मला इतकी सवय होती की तो थांबल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

आता परवाचं. धाकट्याच्या शेतात भात निघाल्यावर वाल लावलाय, शेंगा भरल्यात, म्हणून त्यानं पोपटी लावली. तुझीच रीत सगळी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा नि अंडी, मडकं पालथं घालून भोवती जाळ. थंडी मस्त पडलेली. जाळाचा उजेड नको म्हणून मी कॅमेरा घेऊन पार पलीकडच्या बांधावर गेले. पडद्यावरचं बारीक मला आता दिसत नाही, मलाही चाळिशी लागलीय, ती नाकावर चढवली. रोहिणी पडद्यावर घेतली, मोठी केली आणि रिंग धरली. गोळा, लहान गोळा, ठिपका, परत गोळा. मागे. अजून मागे. आणि एकदम सुईच्या टोकाएवढा तारा! बोट न हलवता दुसऱ्या हातानं रिंगेवर चिकटपट्टी मारली, कॅमेरा कृत्तिकांकडे वळवला, फोटो घेतला. सगळ्या सुट्या! एकीच्या शेजारी मला कधीच न दिसलेल्या आणखी चार! “लागला! लागला रे!” म्हणून मी ओरडले आणि आनंदानं मान वर केली. चाळिशी नाकावर तशीच.

आई गं. टिकल्या. आकाशभर वाटोळ्या टिकल्या. मृगाच्या खांद्यावर पितांबराच्या पिवळ्यात थोडा गेरू, दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? अगदी तोच, तुझ्या वाटीतला. खाली व्याध नुकता वर आलेला, पांढऱ्यात नीळ, आणि मी बघतेय तोवर त्यानं मधेच हिरवा मारला. मी चष्मा काढला, तर पांढरे ठिपके. लावला, तर रंग. तू अंगणात जसं काढ-घाल केलं होतंस तसंच मी करत होते, फक्त उलटं. वाचायचा चष्मा दूरचं बिघडवतो, आणि माझ्या अधिक दोन नंबरच्या चाळिशीनं ते नेमकं तुझ्या उणे दोनाइतकंच बिघडवलं होतं. टोकात कोंबलेला तारा झगझगीत होऊन पांढरा पडतो. पसरला की त्याचा रंग सुटतो. दोष तुझ्या डोळ्यांत होता हे खरं, पण रंग ताऱ्यात होते गं!

धाकटा बांधावरून हाका मारत आला. “ताई, पोपटी उतरवली. चल, नायतर अंडी संपतील.” मी चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि हनुवटी धरून मान वर केली. तो आधी हसला. मग चष्मा काढून बघितलं, परत लावून बघितलं. “हे तर आई बोलायची ते,” एवढंच म्हणाला. मग मात्र त्याला राहवेना. जाळापाशी जाऊन त्यानं सगळ्यांना उठवलं, आणि एक चष्मा बारा नाकांवरून फिरला. शेंगा निवून गेल्या. कुणी म्हणे निळा, कुणी म्हणे हिरवा, भावजय भांडून दुसऱ्यांदा पाळी घेऊन गेली. आणि तुला वाडीभर चिडवणारा तुझा लेक छाती काढून सांगत होता, “आमची आई पयल्यापासून सांगत होती. आमीच ऐकलं नाय.”

मी प्रयोगशाळेतली बाई, एकदा दिसलं म्हणून मानत नाही. घरी येऊन तुझा चष्मा काढला, अजून त्याच रुमालात आहे. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर माझ्या चाळिशीवर तो धरला. टिकल्या गेल्या, टाचणीची टोकं आली. तुझा काढला, टिकल्या आल्या. म्हणजे मी पाहिलं ते तुझंच आकाश, त्यात काडीचाही फरक नाही. मग कॅमेरा लावला, आधी फोकस नीट लावला, आणि मुद्दाम रिंग मागे फिरवून रंगांचाही एक फोटो घेतला. कृत्तिकांचा फोटो सगळ्यांना पाठवून झालाय, वाहवा झालीय. रंगांचा कुणाला पाठवला नाही. तो आधी तू बघायचास, मग बाकीच्यांनी. हा कागदही त्याच्याबरोबर तुझ्या रुमालात ठेवून देईन, दुसरं काय करणार.

एक सांगायचं राहिलं. आज धाकट्याकडे निघाले होते, रोह्याच्या स्टँडवर उभी होते, मोबाइल वाचायला चाळिशी लावलेली. गाडी येऊन लागली. पाटीवर नुसती पांढरी धूसर पट्टी. चष्मा वर सरकवला असता तर वाचता आलं असतं, हात मोकळा होता. पण मी शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीकडे वळले आणि विचारलं, “कुठली गो गाडी?”

“पेण, काकी,” ती म्हणाली.