मागच्या खोलीतलं टेबल

सोमवार, ६. सकाळ.
...पाणी भरून झालं होतं, दूध तापवून झालं होतं, आणि मी कपड्यांची बादली घेऊन मागच्या दाराकडे निघाले होते. हे पायरीवर बसून फळीला रंधा मारत होते. फळी पायाच्या दोन्ही अंगठ्यांत धरलेली. मला जायला वाट नव्हती. मी म्हटलं, उठा बघू, भुसा आत येतोय, गिऱ्हाइकाचा पांढरा झगा टांगलाय. हे उठले. माझी बादली बाहेर नेऊन ठेवली आणि फळी घेऊन पुन्हा बसले. एवढंच. अशा सकाळी शेकड्यांनी गेल्या. आजच ही का आठवावी?

आठवली कारण काल दीर फोनवर बोलले. म्हणाले, वहिनी, दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं, हत्यारांची पेटी नुसती गंजत असेल. माझ्याकडे दिलीत तर वापरात राहील. बोलणं अगदी सरळ होतं. पण पेटी गेली तर ह्या घरात ह्यांचं म्हणून उरतं काय? एक चष्मा आणि एक कोट. मी म्हटलं, भाऊजी, गंजतील कशाला? मीच वापरते. मागच्या खोलीत वर्कशॉप केलंय, चांगलं मोठं टेबल आहे.
ते म्हणाले, असं असेल तर मी एका हत्यारालासुद्धा हात लावणार नाही. सव्वीसला बघायला येतो.
मी खोटं बोलले असं नाही. तीन आठवडे आधी खरं बोलले.

बुधवार, ८.
लायब्ररीतून सुतारकामाचं पुस्तक आणलं. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण शिवणकाम पुस्तकातूनच शिकले, आणि आज अर्धी गल्ली मी शिवलेले कपडे घालते. कापड काय नि लाकूड काय. माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं.
पुस्तक अर्धं वाचून झालं. म्हणजे अर्धं काम झालंच म्हणायचं.

शनिवार, ११.
मागची खोली रिकामी केली. ह्या खोलीत बायका कपडे घालून बघतात, म्हणून ती कधी कोणाला वापरू दिली नाही. आज मोजलं: आठवड्याला तीन बायका, प्रत्येकी दहा मिनिटं.
पुढचं लिहीत नाही. काम पुष्कळ आहे.

सोमवार, १३.
लेकीचा फोन. आई, तू आणि सुतार? खिळा ठोकायचा तर तू शेजाऱ्यांना हाक मारतेस! काकांना देऊन टाक ना, ते तरी वापरतील. मी म्हटलं, तुझे काका काय हात घेऊन जन्मले नि मी बिनहाताची? ती म्हणाली, आई, ओरडू नकोस. मी ओरडत नव्हते. मशीन चालू होतं म्हणून मोठ्याने बोलत होते.
मशीन बंद होतं.

मंगळवार, १४.
वखारीत गेले. पुस्तकात लिहिलंय, हात सरळ सोडून उभं राहावं, मनगट जिथे येईल तेवढी टेबलाची उंची. मी ते माप कागदावर नेलं होतं, आणि प्रत्येक पायाला वर दोन इंच, खाली दोन इंच माया धरली होती. वखारवाला माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघत म्हणाला, ताई, माया कशाला? लाकूड काय आत दुमडून टीप मारणार आहात? तिथले हमालही हसले. मी म्हटलं, चाळीस वर्षं कापतेय मी, मला शिकवू नका. तो म्हणाला, बरं, निदान पाय तरी मशीनवर कापून देतो, चारी एकसारखे होतील. फुकट देतो म्हणाला. मी नको म्हटलं. घरात वर्कशॉप असताना बाहेरून कोण कापून घेतं?
माणूस भला होता. परतताना वाटभर कान तापले होते.

शुक्रवार, १७.
चारी पाय कापले. खडूच्या रेघेच्या जरा बाहेरून कापले, तशीच सवय आहे. शिवाय शिंप्याचा खडू जाड. करवत आपल्या मनाने जाते ते निराळंच. चार पाय, चार उंच्या. फरक थोडासाच. जमीनही कुठे सरळ असते?

शनिवार, १८.
आज डोकं चाललं. पक्कं जोडण्याआधी बारीक खिळ्यांनी सगळं कच्चं जोडून घेतलं. कच्चा टाका घालून ट्रायल घेतो तसं. पुस्तकात ही युक्ती नाही. पुस्तकवाल्यांना कळवायला हवी.
ट्रायल घेतली. टेबल माझ्या बरगड्यांपर्यंत आलं. उंच टेबलाने पाठ दुखत नाही. हे खाली बसून काम करायचे, तेव्हा शेवटी शेवटी भिंतीला धरून उठायचे.

सोमवार, २०.
वरच्या फळ्या खालीवर होत्या. आज पहिल्यांदा ह्यांचा रंधा काढला. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला, तेलाचा वास अजून आहे. स्टुलावर उभी राहून मारला. सहा वेळा नीट गेला. अशी लांब, पातळ ढलपी निघाली की लेकीला फोन करावासा वाटला. सातव्या वेळी

मंगळवार, २१.
काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २२.
लिहिते. सातव्या वेळी रंधा खिळ्यावर गेला. मीच मारलेला, कच्च्या टाक्याचा. काढायचा राहिला होता. पात्याला मध्यावर दात पडलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. ते पातं हे दर रविवारी सकाळी दगडावर पाजळायचे, मग नखावर टेकवून बघायचे. त्या पात्याला कोणाला हात लावू देत नसत.
पातं जुनं होतं. आज ना उद्या गेलंच असतं.
वाक्य लिहिलं, वाचलं, खोडलं नाही. राहू दे, मला माझं कळावं म्हणून.

शुक्रवार, २४.
प्लॅन: १) डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा. २) टेबलावर चादर, मग फळ्या खालीवर दिसणार नाहीत. ३) रंधा पेटीत अगदी तळाला. ४) थोडा भुसा जमिनीवर पसरणे, म्हणजे वापर दिसेल.
ह्याच भुशासाठी मी माणसाला पायरीवर बसवलं होतं. आज मुठीने पसरला.

रविवार, २६. दुपार.
दीर दहाला आले. चपला बाहेर काढल्या, मागच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. मी चहा ठेवते म्हटलं, ते नको म्हणाले. चादर उचलली. हाताच्या पंजाने टेबल दाबलं. टेबल डुललं. पुठ्ठा घसरला.
म्हणाले, वहिनी, उंच झालंय जरा. मी म्हटलं, मुद्दाम केलंय. ते म्हणाले, हो का. मग एक तुकडा घेतला नि म्हणाले, मारून दाखवा की एकदा, मलाही बघू दे दादाचा रंधा. मी म्हटलं, पातं पाजळायला दिलंय. कोणाला? मी वाकून पुठ्ठा परत पायाखाली सरकवला. ते पेटीशी बसले, एकेक हत्यार बाहेर काढून ओळीने मांडलं आणि तळाचा रंधा उचलला. उलटा करून पातं बोटाने चाचपलं. बोट मध्यावर थांबलं.

मग मीच बोलले. सगळं सांगितलं. फोन आला तेव्हा टेबल नव्हतं, पंधरा दिवसांत ठोकलंय, पातं माझ्या खिळ्याने गेलं, आणि भुसासुद्धा मी पसरलाय. एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण तोंड सुटलं होतं. म्हटलं, त्यांनी दोनदा मागितली होती ही खोली, भाऊजी. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते मागायला आलेच नाहीत, आणि मला वाटलं, हौस फिटली.
दीर म्हणाले, मला ठाऊक आहे.
मी विचारलं, तुम्हाला कसं?
म्हणाले, रविवारी दुपारी तो माझ्याकडे यायचा ना. माझ्या टेबलावर काम करायचा. खिडकीकडची बाजू त्याची. नऊ-दहा वर्षं.
मी समजत होते दोघे भाऊ पत्ते खेळतात. दर रविवारी मी म्हणायचे, जा, कुटा पत्ते, घरात बायको राबतेय. हे हसून जायचे. मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? दीर रंध्यावरचा भुसा पुसत म्हणाले, मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाला, तिला वाईट वाटेल. खोली दिली नाही म्हणून मनाला लावून घेईल.

मी ओट्याशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं.

जाताना दीर म्हणाले, पेटी तुमचीच. शब्द दिलाय, हात लावणार नाही. मी म्हटलं, हात लावलात की. त्यावर ते थोडे हसले. म्हणाले, तो बघायला लावला, न्यायला नाही. पात्याचा दात घासून जाईल, दर रविवारी थोडं घासलं तर दोन महिने लागतील, मनावर घेऊ नका. टेबलाचे पाय कापायचे असतील तर बोलवा. मी म्हटलं, बघू. ते गेल्यावर पेटी तशीच उघडी होती, हत्यारं ओळीने मांडलेली. मी एकेक मोजलं. एकोणीस. ह्यातल्या सात-आठांची नावंही मला येत नाहीत, आणि ती वाचवायला मी तीन आठवडे खोटं बोलत होते.

सोमवार, २७.
सकाळच्या बसने पेटी नेऊन दिरांच्या टेबलावर ठेवली, खिडकीकडच्या बाजूला. चहाला थांबले नाही. दुपारी एका बाईचं ब्लाउज शिवून पुरं केलं.