कुसुमला काय म्हणावं

५ डिसेंबर १९७८
शाळा सुटल्यावर पवनारला गेले. धाकटी बहीण कुसुम अजून बाजेवरच. बाळ पोटातच गेलं, त्याला आठवडा झाला. येईल ती बाई एकच म्हणते, "होईन दुसरं." कुसुम भिंतीकडे तोंड फिरवते. मी मेथी निवडत बसले. एक शब्द सुचला नाही. मी मराठीची बाई!

९ डिसें.
लुचिया शिकवणीला आली. इटलीची, सेवाग्रामला दवाखान्यात आहे, बायकांशी बोलता यावं म्हणून मराठी शिकते. तिने विचारलं, दुःखातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलतात त्याला काय म्हणता? मी पाटीवर 'सांत्वन' लिहिलं. तिच्याकडे 'कोन्सोलारे', स्पेनमध्ये 'कोन्सोलार', फ्रेंचांचंही तसंच. सगळे एका लॅटिन शब्दाचे, 'कोन्सोलारी'. आणखी एक, 'कोन्फोर्तारे': मुळात बळ देणं. म्हटलं, हा आमचा 'धीर देणं'. खूश झाली. मग विचारते, "घरात सांत्वन म्हणता?"
नाही. घरात म्हणतो, समजूत काढली. जणू कुसुमचंच काही चुकलंय.

१४ डिसें.
लुचियाला पवनारला नेलं. कुसुमचा हात धरून ती इटालियनमध्येच पुटपुटत राहिली.
"काय म्हनून राह्यली थे?" कुसुम इतक्या दिवसांनी बोलली.
"तुले धीर देऊन राह्यली."
"धीर नाई पायजे. मले पोरगी दाखवलीच नाई कोनी. ताई, तू होती ना तिथं? कशी होती?"
तिची सासू दारातून म्हणाली, "काई सांगू नका बाई. येडी होईन थे."
मी लुचियाला घेऊन निघाले.

१५ डिसें.
पाहिली होती मी. दाईने फडक्यात गुंडाळण्याआधी. सांगितलं तर... आणि नाही सांगितलं तर

२१ डिसें.
सासू भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजाराला गेली होती. कुसुमने परत विचारलं. सांगितलं.
"केस लय होते. काळेभोर."
उठून बसली. "अन् नाक?"
"तुह्यावानी."
रडली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. अशी, की शेजारीण धावत आली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. बरं केलं की वाईट, काही कळेना. हुंदक्यांतच विचारते, "अन् डोये, ताई? डोये कसे होते?"
मिटलेले होते. हे कसं सांगू?
शेजारीण माझ्याकडे बघत उभी. कुसुमही बघतेय.