विटेवर वीट, तिसऱ्यांदा

तीर्थरूप मामांस,

थापी हातात असल्याने एकाच हाताने केलेला साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला आता कमी असेल. आईची तब्येत ठीक आहे, नजर मात्र आणखी अधू झाली आहे. मागचं अंगण संपतं तिथे पुरुषभर खोल उतार, म्हणून बिचारी दिवसभर घरात कोंडलेली. तिथे भिंत घालून देतो, असं तुम्ही म्हणालात आणि मी चारचौघांत बोलून बसलो, की विटेवर वीट ठेवायला गवंडी कशाला हवा? (तेही चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला! तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात.) मग भिंत मलाच बांधणं भाग होतं.

पहिल्या खेपेला विटा कोरड्याच लावल्या. भिजत घालायची ती कडधान्यं, एवढंच माझं ज्ञान. त्या तहानलेल्या विटांनी सिमेंटच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि वरचा थर हात लावताच हातात आला. शिवाय मी हौसेने सांध्यावर सांधा आणला होता (दिसायला फार सुरेख!), त्यामुळे वरपासून खालपर्यंत सरळ चीर गेली. पाडली.

दुसऱ्या खेपेला विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवल्या, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही आणि दोरी बांधली. ‘डोळ्यावर नाही, दोरीवर विश्वास ठेवायचा,’ हे तुमचंच वाक्य. पण दोरी घेतली ती कपडे वाळत घालायची, आणि मी सिमेंट आणायला गेलो तेवढ्यात तुमच्या भाचेसुनेने तिच्यावर ओले टॉवेल टाकले. काढा म्हणायची माझी छाती नाही, हे तुम्ही जाणताच. प्रत्येक थराला मी दोरी टॉवेलांसकट वर सरकवत गेलो. भिंतीला मधोमध असा झोळ आला, की शेजारीण विचारून गेली, बसायला केलंय का? तीही पाडली.

आता तिसरी. नवी सुताची दोरी, थराथराला ओळंबा, आणि आठ दिवस न चुकता पाणी मारतोय. हातांची सालं निघाली, पण कमरेएवढी भिंत सरळ उभी आहे. मामा, त्या दिवशी मी चुकलो. फार वाईट वाटतं.

तुमचा आगाऊ भाचा

ता. क. : भिंतीसाठी बोलावत नाही, भिंत झाली आहे. पण आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणते, “माझ्या भावानं लाथ मारून बघितल्याशिवाय मी त्या भिंतीला हात टेकायची नाही.” तेव्हा रविवारी फक्त लाथ मारायला या.

ता. क. २ : मी स्वतः अजून मारून बघितलेली नाही. धीर होत नाही.