आमच्या पाण्याला नावं ठेवणारं यंत्र

प्रिय आल्दिस मावशी,

तुला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला नमस्कार. (उजव्याची चौकशी करत नाही, त्याने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) आकुरेरीत बर्फ पडायला लागलं का? इथे मेंढरं डोंगरावरून खाली आणून झाली, खिंड अजून उघडी आहे आणि मी ठीक आहे, निदान तेवीस तारखेपर्यंत. त्या बारशानंतर आपण बोललेलो नाही, तेव्हा हे पाकीट बघून तू चष्मा पुसला असशील. पूस, आणि शेवटपर्यंत वाच.

झालं असं, की आमच्या दाताच्या दवाखान्यातला औजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर एका मंगळवारी लांब सुस्कारा टाकून गेला. हाउकुर डॉक्टर त्याच्याजवळ मिनिटभर उभे राहिले, "स्टेनवर, नवा तूच बघ" म्हणाले आणि मासे पकडायला निघून गेले. इकडे आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई तेवीस तारखेला येणार. त्यांना नीट चालणारं यंत्र दिसलं नाही तर दवाखान्याला कुलूप. मग ज्याचा दात ठणकेल त्याने खिंड ओलांडून जायचं, आणि खिंड एकदा बर्फाने मिटली की एप्रिलातच उघडते. म्हणजे अख्ख्या गावाने हिवाळाभर गाल धरून बसायचं आणि माझ्या नावाने बोटं मोडायची.

मी माहितीपत्रकं मागवली, आणि मावशी, थक्क झाले गं. मला वाटायचं, वाफ म्हणजे वाफ, बटाट्यांची काय नि चिमट्यांची काय. पण साधी यंत्रं हवेला नुसती ढकलतात, आणि ड्रिलच्या पोकळ दांड्यात ती हट्टाने बसून राहते. जिथे हवा अडली तिथे वाफ नाही, आणि जिथे वाफ नाही तिथे जंतूंचं माहेर. बी वर्गाचं यंत्र मात्र आधी हवा ओढून घेतं, एकदा नव्हे, तीनदा, आणि मग एकशे चौतीस अंशांची वाफ सोडतं. ती कागदी पाकिटाच्या आत शिरते आणि पाकीट कोरडं बाहेर येतं! हे मी इतक्या वेळा वाचलं की कॉफी निवून गेली.

आता आमच्या गावात निर्णय कुठे होतात ते तुला माहीत आहे. पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. मी तिथे बी वर्गाचं नाव काढलं, ही माझी पहिली चूक. तोर्फीकाकांनी (बत्तीस वर्षं बोटीवर इंजिनियर, आणि हे कोणी विसरू नये म्हणून झटणारे) पाण्यातून एक बोट वर काढलं. "वाफेचं मला शिकवू नकोस, पोरी. बंद कारखान्यात कॉड माशाच्या कलेजीचे डबे शिजवायचा ऑटोक्लेव्ह पडलाय. आत वासरू उभं राहील!" कुंडाने माना डोलावल्या. आम्ही बघायला गेलो. वासराचं माहीत नाही, मी आत उभी राहिले, आणि देवळात बोलावं तसा आवाज आपोआप खाली आला. चाचणीला आरसे आणि चिमटे घातले. पाकिटांचा लगदा झाला आणि आरशांना असा वास लागला की गावातल्या मांजरांनी तीन दिवस दवाखान्याच्या दारात धरणं धरलं. (त्यातलं काहीही कोणाच्या तोंडात गेलं नाही, हे लिहून ठेवते.) मग मी कुंडाला न विचारता बी वर्गाचं यंत्र मागवलं.

ते सोमवारी आलं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं, डिस्टिल्ड पाणी घाला, म्हणजे क्षार काढून टाकलेलं. इथे माझंही डोकं फिरलं. पाणी विकत आणायचं? आपण? ज्यांच्या नळाखाली परदेशी पाहुणे बाटल्या भरून घेतात? मी नळ सोडला, टाकी भरली. यंत्राने थोडा विचार केला आणि लाल अक्षरं उमटली: पाण्याचा दर्जा खराब.

ही बातमी कुंडात पोचायला अकरा मिनिटं लागली. तोर्फीकाका ओल्या केसांनीच धावत आले. यंत्र बिघडलेलं आहे यावर गावाचं तिथल्या तिथे एकमत झालं. काकांनी धबधब्याचं पाणी आणलं. खराब. ज्या झऱ्याच्या पाण्याने त्यांच्या आईचा बाप्तिस्मा झाला होता, तिथलं आणलं. खराब. हिमनदीचा तुकडा आणून माझ्या सुपाच्या पातेल्यात वितळवला. तोही खराब. "ह्याला पाणी म्हणजे काय तेच माहीत नाही," काका म्हणाले, आणि डॉक्टर यंत्र परत पाठवायचं खोकं शोधू लागले.

काल सकाळी दार उघडलं, तर पायरीवर पाच लिटरचा कॅन. बोटीच्या बॅटरीत घालतात ते विकतचं शुद्ध पाणी. सोबत बिनसहीची चिठ्ठी: "कुंडात बोलू नकोस." (चिठ्ठीला ग्रीसचा डाग होता.) यंत्र ते मुकाट्याने प्यायलं. मग त्याने तीनदा श्वास ओढला, आणि मी अंगात कोट तसाच ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले. चाचणीसाठी यंत्रात दीड मीटरची वेटोळी नळी ठेवतात, तिच्या अगदी टोकाला तपासणीची पट्टी असते. बाहेर काढली तर ती पार शेवटपर्यंत काळी झाली होती. वाफ तिथवर पोचली होती, मावशी. मला रडू आलं.

गुडघ्याला जप.

तुझी
स्टेनवर

ता. क. यंत्रातून आकड्यांचा लांबलचक कागद निघतो. तो मला ओ की ठो कळत नाही आणि तपासनीस बाई त्यावरच बोट ठेवणार. तू बावीसला येशील का? खिंडीपलीकडे गाडी घेऊन मी उभी असेन.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणाले, आल्दिस मावशीने चाळीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात चमचे उकळले. सगळे हसले, तूही हसलीस, आणि केकला हात न लावता निघून गेलीस. काल ती पट्टी हातात धरली तेव्हा मला कळलं, तू काय करत होतीस. वरच्या मजल्यावर पोट फाडून घेतलेली माणसं आपल्या पायांनी घरी गेली, आणि त्यांतल्या एकालाही तुझं नाव ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, आणि मी त्याची थट्टा केली. मला माफ कर.

अगदी शेवटचं. येताना डिस्टिल्ड पाण्याचे चार कॅन आण, पण वर घोंगडी टाकून. यंत्राला अखेर आमच्या पाण्याची किंमत कळली, असं आज कुंडात जाहीर झालं, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तोर्फीकाकांनी वाजवल्या.