तिन्ही गाड्यांना सारखं

२ मार्च, सकाळी ९
गोल्फ क्लबच्या गाड्यांचा रिपोर्ट करायचं काम माझ्याकडे आलं. पेट्रोल, पाण्याची बॅटरी की लिथियम? नव्या वीस गाड्या माझ्या शब्दावर येणार. रिपोर्ट नीट झाला, तर मी नोकरीत कायम. चाचणीच्या गाड्यांना नावं दिली: पेट्रोलची थोरली, पाण्याच्या बॅटरीची मधली, लिथियमची धाकटी. आम्ही भावंडंही तीनच, मी मधली. दहावीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. एकच टेबल, तिघांना सारखा वेळ, सारखे प्रश्न. इथेही तेच. संकल्प: पक्षपात शून्य.

५ मार्च
तिघींना सारख्या फेऱ्या, वाळूची सारखी पोती. तापमान सारखं राहावं म्हणून शेडच्या खिडक्या बंद. आमचे मेकॅनिक वंगणकाका म्हणाले, पोरी, मधलीला पाणी घाल, कोरडी पडलीय. मी म्हटलं, बाकी दोघींना नाही, मग हिलाच का? ते म्हणाले, थोरलीला पेट्रोल घालतेसच की. मी म्हटलं, ते जेवण. पाणी म्हणजे लाड. काकांनी उचललेला पाण्याचा कॅन परत खाली ठेवला. पटलं असावं.

९ मार्च
मधली चढावर दमते. चार्जिंग आठाचं बारा तास केलं. धाकटीलाही बारा. थोरलीला प्लगच नाही. तिला बारा तास नुसतं उभं केलं.

१२ मार्च, दुपारी
शेडमध्ये सडक्या अंड्यांसारखा वास. काका म्हणतात, मधलीचा. कुणाचा तरी डबा राहिला असणार. नोटीस लावली: शेडमध्ये डबे ठेवू नयेत. काकांनी खिडकी उघडली, मी लावली. जेवून ते त्या नोटिशीखालीच आडवे झाले.

१४ मार्च
मधलीच्या बॅटऱ्या कडेने फुगल्यात. हात लावला, चटका बसला. रिपोर्टात लिहिलं: 'भरपूर चार्ज'. काका म्हणाले, बाई गं, हिच्या पोटात गॅस साठलाय, एक ठिणगी पुरे. वय झालं की माणूस घाबरट होतो. माळ्याची मांजर शेडमध्ये येईनाशी झालीय. तिलाही शिस्त नको.

१५ मार्च
उद्या सेक्रेटरीसाहेबांसमोर प्रात्यक्षिक. बाबांनाही बोलावलंय. काका म्हणाले, मधलीचा चार्जर उद्या मीच काढणार, तू लांब उभी राहा. श्रेय हवंय त्यांना. घेऊ देत. मन मोठं ठेवावं.

१६ मार्च, सकाळी ११.४०
बाबा वेळेआधीच आले. साहेब गेटपाशी. काका आत गेलेत. आज शेडच्या खिडक्या कुणीतरी सताड उघड्या टाकल्यात! सांगून सांगून थकले. लावायला उठतेय, तेवढ्यात

१७ मार्च
काकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मधलीची बॅटरी फुटून अ‍ॅसिड उडालं. उजवा वाचेल, डाव्याचं आठवड्याने सांगू, असं डॉक्टर म्हणाले. खिडक्या पहाटेच येऊन काकांनी उघडल्या होत्या. म्हणून छप्पर राहिलं, आणि काकाही. मला म्हणाले, तू लांब होतीस ना गं?

परतताना टॅक्सीत बाबांना म्हटलं, मी तर तुमच्यासारखंच केलं, तिघींना सारखं.

बाबा म्हणाले, सारखं कुठे गं? धाकट्याला दम लागायचा. तुम्ही दोघी खेळायला गेलात की त्याला तासभर वेगळं शिकवायचो. आणि तू मार्कांवरून रडायचीस, म्हणून तुला चार-पाच वाढवून द्यायचो.

किती वर्षं, विचारलं.

बाबांनी खिडकीची काच खाली केली. म्हणाले, सगळीच.